रांगेत शेवटचा

"तुझ्या आईला विचार, आत्ता कोणासाठी गेली होती ती," रजीन आत्या मला म्हणाली.

आई तिच्यापासून हातभर अंतरावर बसली होती. देवळाच्या त्याच पायरीवर, त्याच सावलीत. मधे मी.

मी आईकडे वळले. "आत्या विचारतेय..."

"बहिरी नाहीये मी. सांग तिला, सायमन गवंड्यासाठी गेले होते."

"सायमन गवंडी?" आत्या माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली. "त्याची मुलं चांगली धडधाकट आहेत की. त्यांना बापासाठी सवड नाही?"

"सांग तिला, मुलं मुंबईला आहेत आणि त्यांना सवड नाही."

एवढं बोलून आईने पदर डोक्यावर घेतला, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि पुन्हा देवळात शिरली. आत्याने कपाळाला हात लावला.

मला समजायला लागल्यापासून ह्या दोघी एकमेकींशी अशाच बोलायच्या. रजीन आत्या बाबांची मोठी बहीण, बिनलग्नाची. एकाच छपराखाली आमच्या दोन चुली होत्या आणि मधे कुडाची भिंत. "तुझ्या आत्याला सांग, तिची कोंबडी माझ्या वाफ्यात आलीय." "तुझ्या आईला सांग, कोंबडीला वाचता येत नाही." निरोप्याचं काम माझ्याकडे. कोंबडी मेली तरी भांडण मरायचं नाही. का बोलत नाहीत, असं मी एकदा बाबांना विचारलं होतं. ते विळ्याला धार लावत बसले होते, ते लावतच राहिले.

तो दिवस दोन नोव्हेंबरचा होता, मृतांच्या सणाचा. आमच्या वसईकडच्या ख्रिस्ती गावांत तेव्हा या दिवशी जे चालायचं ते आज नातवंडांना सांगितलं तर हसतात मेली. नियम असा, की कन्फेशन, म्हणजे फादरांपाशी पापांची कबुली, केलेलं असावं, मिस्साच्या उपासनेत उपाशीपोटी ख्रिस्तशरीर, ती पवित्र भाकर, घेतलेलं असावं, आणि मग देवळात जाऊन सहा वेळा 'आमच्या बापा', सहा वेळा 'नमो मारिया', सहा वेळा 'गौरव' म्हणावं. त्याची मिळते संपूर्ण माफी. ती आपण मेलेल्या माणसाला द्यायची, नाव घेऊन. की तो शुद्धिस्थानाच्या आगीतून सुटला आणि वर गेला. एका खेपेला एक आत्मा. दुसरा सोडवायचा असेल तर देवळाबाहेर यायचं आणि पुन्हा आत जायचं. त्यामुळे त्या दिवशी देवळाच्या दारात मुंग्यांसारखी ये-जा. बायका आत जायच्या, बाहेर यायच्या, दम खायच्या, पाणी प्यायच्या, परत आत. आपली आई, आपला बाप, सासू, दीर असं करत दुपारपर्यंत बहुतेकींचं आटपायचं आणि त्या घरी जाऊन चूल पेटवायच्या.

माझी आई कात्रीन मात्र सकाळच्या मिस्सापासून लागली होती आणि थांबायचं नाव घेत नव्हती.

आमचे बाबा, इनास, त्याच वर्षी एप्रिलमध्ये तापाने गेले होते. त्यांचा हा पहिलाच मृतांचा सण. आणि आमच्या गावात एक दंडक होता, फादरांच्या कुठल्या पुस्तकात नव्हता पण सगळे पाळायचे. माणूस गेल्यावर पहिल्या वर्षी त्याचं नाव आधी त्याच्या बायकोने घ्यायचं. तिने घेतलं की मग मुलाबाळांनी, भावाबहिणींनी. तोवर त्याच्यासाठी कोणी आत जायचं नाही. म्हणून मी बाहेर मेणबत्त्यांची टोपली घेऊन बसले होते आणि आत्या माझ्या शेजारी, दोघी आईच्या तोंडाकडे बघत.

"अजून घेतलं नाही तिने इनासचं नाव," आत्या म्हणाली. "तुला काही बोलली?"

"नाही."

"मग विचार ना गं. बाप आहे तुझा."

विचारलं होतं मी सकाळीच. आई म्हणाली होती, "रांगेत आहे." बस, एवढंच.

आत्याला उसंत नव्हती. बाबा गेल्यापासून ती नीट झोपत नव्हती, हे मला कुडापलीकडून कळायचं. ती सांगायची, इनास रोज स्वप्नात येतो. आमच्या विहिरीत खाली पायरीवर बसलेला असतो आणि पाणी मागतो. "मी म्हणते, अरे, विहिरीतच बसलायस की तू," ती म्हणायची. "तर म्हणतो, दिसतं पण ओंजळीत येत नाही." एरवी गावातल्या कोणालाही उभं चिरणारी बाई ती. भावाच्या नावाने मात्र विरघळायची.

"तुझ्या आईच्या हातात आहे सगळं," ती मला म्हणाली. "एकदा नाव घ्यायचं. किती वेळ लागतो? त्या सायमन गवंड्याला, मेल्याला, पाजीला, लागला तेवढाच."

आई बाहेर आली. घामाने तिचा चेहरा निथळत होता.

"आता कोण?" मी विचारलं.

"घोरपड्यांची ती बाळंतपणात गेलेली. रोजा."

शेजारची पावलीन पायऱ्या उतरत होती, ती थांबली. "कात्रीन, तू तर अख्खं कब्रस्तान रिकामं करायला निघालीस की गं. तुझं पुण्य मोठं."

"पुण्याचं काय घेऊन बसलीस," आई म्हणाली आणि परत गेली.

पावलीन हसली आणि आत्याला म्हणाली, "रजीनबाय, तुझी भावजय संतीण व्हायची." आत्याने तिच्याकडे असं बघितलं की बिचारी चपला घालून निघूनच गेली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आई कब्रस्तानातल्या ओळींनी चालली होती. आमचं कब्रस्तान देवळाच्या मागेच. पहिल्या ओळीत गवंडी, त्यांच्या पलीकडे घोरपडी गल्लीतले, मग मधली वाट, मग खारीवरचे लोक. मी लहानपणापासून तिच्याबरोबर तिथे मेणबत्त्या लावत आले होते, मला ओळी पाठ होत्या. ज्यांचं कोणी नाही त्यांचंही नाव ती घेत होती. बंदरावर मेलेला तो भिकारी, ज्याचं नाव कोणाला माहीत नव्हतं, त्याच्यासाठीही गेली. "देवाला माहीत आहे ना त्याचं नाव," म्हणाली.

बाबांची ओळ मधे कधीच येऊन गेली होती.

दुपार कलली. आत्याने घरून चहा आणला. मला दिला, आणि दुसरा पेला माझ्या हातात देऊन म्हणाली, "तुझ्या आईला दे." आई आली तेव्हा मी पुढे केला. आईने पेला घेतला, पायरीवर ठेवला आणि त्याच्याकडे पुन्हा बघितलं नाही. माशी पडली त्यात.

"सांग तिला," आई म्हणाली, "मी पाणी पिईन. साधं पाणी. आमच्या घरात पाण्याची फार काळजी घेतात."

मला काही कळलं नाही. आत्याचा हात मात्र जागच्या जागी थांबला.

उन्हं उतरली तसं देऊळ रिकामं झालं. दारं लावणारा पास्कू किल्ल्यांचा जुडगा घेऊन अंगणात येरझाऱ्या घालायला लागला. आई एकदा बाहेर आली, शेवटच्या पायरीवर बसली आणि तिने पाय लांब केले. पायांना सूज आली होती.

"झालं," ती म्हणाली.

"काय झालं?" मी विचारलं.

"सगळे झाले. भिंतीच्या आत कोणी राहिलं नाही."

आत्या उभी राहिली. "आणि इनास?" हे तिने मला विचारलं नाही. सरळ आईला विचारलं, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा.

आईनेही सरळ तिच्याकडे बघितलं. "तो राहील."

"म्हणजे?"

"म्हणजे राहील. एकटा. इतके दिवस तिथे गावातलं कोणी ना कोणी होतं सोबतीला. आता कोणी नाही. बसू दे एकट्याला. कळू दे कसं वाटतं."

मला वाटलं ऊन लागलं हिला. मी तिचा खांदा धरला, तिने तो झटकला.

"माझं पोर भिंतीबाहेर एकटं पडलंय," ती म्हणाली. "त्याच्यासाठी मी काय करू? गेल्या आठवड्यात फादरांना परत विचारलं. म्हटलं, एक खेप त्याच्या नावाने जाऊ का? म्हणाले, नाही कात्रीन, त्याला लागू होत नाही. बाप्तिस्मा नाही झालेला. तो शुद्धिस्थानात नाही, तो लिंबोत आहे, तिथे दुःख नाही पण तिथून सुटकाही नाही. आपण स्वर्गात गेलो तरी तो भेटायचा नाही."

भिंतीबाहेरचं बाळ मला माहीत होतं. माझ्या पाठचा भाऊ, एका रात्रीत आला आणि गेला. बाप्तिस्म्यावाचून मेलेल्या पोरांना आत जागा नसायची, म्हणून कब्रस्तानाच्या भिंतीमागे भेंडीच्या डेरेदार झाडाखाली पुरलेला. आई दर वर्षी तिथे एक मेणबत्ती लावायची. आता हेच फादर लोक सांगतात की लिंबो वगैरे काही नसतं, बाळं देवाजवळच जातात. आईला सांगायला तेव्हा कोणी आलं नाही. ती गेल्यावर आले सांगायला.

"मार्तीन सुईण पाणी घालणार होती त्याच्या डोक्यावर," आई म्हणाली. "कोणीही घालू शकतं, पोर मरायला टेकलं की. तेवढ्याने बाप्तिस्मा झाला असता. मी पडून होते, मला शुद्ध नव्हती. नंतर मार्तीन म्हणाली, घरच्यांनी नको म्हटलं. मी इनासला विचारलं, कोणी नको म्हटलं? म्हणाला, मी. का? तर गप्प. जन्मभर गप्प."

म्हणजे बाबा विळ्याला धार लावत बसायचे ते हे होतं. जेवायला वाढून आई पाठ फिरवायची ते हे होतं. मला वाटायचं सगळ्यांच्या घरी असंच वाढतात.

आत्या चिडली. भावाचा विषय निघाला की ती अशीच पेटायची. "मनात एवढं विष ठेवून माफी मिळते होय? तुझी एकही खेप लागली नसेल. सगळे आहेत तिथेच आहेत. दिवसभर उगाच पाय झिजवलेस."

"मी कन्फेशनला सांगितलं आहे सगळं. फादर म्हणाले, नवऱ्याला माफ कर. मी म्हटलं, करीन. कधी, ते त्यांनी विचारलं नाही."

"नरकात जाशील."

"जाईन की. तुला कशाला काळजी?" आई पदराने मान पुसत म्हणाली. "आणि एवढा पुळका आहे ना भावाचा, मग घे. मी माझा हक्क सोडला. पास्कू साक्षीदार आहे. जा आत आणि सोडव तुझ्या इनासला. पास्कूने दार उघडं ठेवलंय."

आत्या हलली नाही.

"जा ना."

"तेरेज, तू जा गं," आत्या मला म्हणाली. "तू लेक आहेस. तुझं ऐकेल देव."

मी उठले. खरंच उठले होते, टोपली बाजूला ठेवली होती. आईने माझं मनगट धरलं आणि खाली बसवलं. हाडं दुखली माझी.

"पोरीला पुढे करू नकोस. भाऊ तुझा आहे. तू जा."

"मी... मी सकाळी खाल्लं होतं," आत्या म्हणाली. "चुकून. चहात बटर बुडवून खाल्लं, मग ख्रिस्तशरीर घेता आलं नाही. त्याच्याशिवाय माफी लागत नाही, तुला माहीत आहे."

"हो, माहीत आहे. नाताळलाही खाल्लं होतंस. ईस्टरलाही. इनासच्या मातीच्या मिस्सालाही चुकून खाल्लं होतंस." आई एकेक शब्द सावकाश बोलत होती. "मी भिंतीपलीकडे असते, रजीनबाय. तुझी चूल मला ऐकू येते. मोठा सण आला की तू मिस्साच्या आधी मुद्दाम उठून चहा टाकतेस. कशाची भूक लागते गं तुला एवढी?"

आत्या खाली बसली. पास्कूने किल्ल्या वाजवायच्या थांबवल्या आणि शहाण्या माणसासारखा देवळाच्या विहिरीकडे निघून गेला.

"तांब्या मी घेतला होता," आत्या म्हणाली.

"कुठला तांब्या?" मी विचारलं. आईने विचारलं नाही.

"मार्तीनच्या हातातला. ती बाळाच्या डोक्यावर धरणार, तेवढ्यात मी घेतला काढून. मी झगा शिवला होता ना त्याच्यासाठी, लेस लावून. मी धर्ममाता होणार होते त्याची. माझं लग्न नाही, मूल नाही, मला एकदा देवळात सगळ्या गावासमोर पोर हातावर घ्यायचं होतं. मी म्हटलं, मरणाऱ्या पोरांना घालतात घरचं पाणी, आपलं कुठे मरतंय. सकाळी नेऊ. एका रात्रीचा तर प्रश्न." तिने तोंडावर पदर धरला आणि पदराआडून बोलायला लागली. "इनास फादरांना आणायला गेला होता. दोघं आले तोवर संपलं होतं."

"तो म्हणाला, मी नको म्हटलं."

"मी त्याचे पाय धरले. तुला कळलं असतं तर तू मला घराबाहेर काढलं असतंस."

"काढलं असतं," आई म्हणाली.

"म्हणून त्याने स्वतःवर घेतलं. आणि मी हे कन्फेशनला कधी बोलले नाही. बोलले असते तर फादरांनी सांगितलं असतं, जा, कात्रीनला सांग. म्हणून तो चहा, म्हणून ख्रिस्तशरीर नाही. म्हणून माझी प्रार्थना त्याला लागत नाही. मी त्याच्यासाठी हजार वेळा आत गेले तरी तो तिथेच." ती आईच्या पायांशी सरकली. "त्याचा काही दोष नव्हता गं. आता तरी जा. दार लागेल."

मला वाटलं आई आत्याला मारेल. मला ते बघायची इच्छाही झाली, खोटं का बोलू. माझ्या बाबांनी अर्धं आयुष्य आईच्या पाठीकडे बघत जेवण केलं होतं, हिच्या लेस लावलेल्या झग्यापायी.

"माझ्याशी खोटं बोलला तो," आई शेवटी म्हणाली. "माझ्या घरात राहून, माझ्या हातचं खाऊन, माझ्याशी. बहिणीसाठी."

मग तिने माझ्या खांद्याला धरून स्वतःला उचललं. पास्कू परत येऊन एक दार लावत होता.

"पास्कू, थांब."

"कात्रीनबाय, आता कोण राहिलं?"

"माझा," आई म्हणाली आणि आत गेली.

दिवसभरात इतका वेळ तिला कधी लागला नव्हता. आत्या पायरीवर गुडघे टेकून होती, तिचे ओठ हलत होते. मी तिच्याशी बोलले नाही. पास्कूने दोनदा आत डोकावून बघितलं आणि दुसरं दार तसंच उघडं ठेवलं.

आई बाहेर आली तेव्हा डोळे कोरडे होते. ती आत्यासमोर उभी राहिली.

"सुटला तो," ती म्हणाली. "आता तिथे खरंच कोणी नाही. जागा तुझ्यासाठी राखून ठेवलीय."

आत्याने मान हलवली.

"आणि घराबाहेर काढणार नाही तुला. तू तिथेच राहशील, कुडापलीकडे. रोज उठलीस की माझं तोंड बघशील."

तसंच झालं. पुढच्या शनिवारी आत्या कन्फेशनला जाऊन आली आणि रविवारी गावाने तिला कित्येक वर्षांनी ख्रिस्तशरीर घेताना बघितलं. बायका कुजबुजल्या. आई पुढच्या बाकावर होती, तिने मागे वळूनही पाहिलं नाही. मात्र त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी थेट बोलायला लागल्या आणि माझं निरोप्याचं काम गेलं. बोलणं कसलं, चावणंच. "मीठ संपलंय, देतेस?" "घे. ते तरी हातातून काढून घेत नाहीस, मागतेस." असं. स्वप्नं थांबली, असं आत्या म्हणायची. विहिरीत आता कोणी नसतं.

काही वर्षांनी आत्या गेली. शेवटचा महिनाभर तिचं हगणंमुतणं आईने केलं, एक गोड शब्द न बोलता. त्याआधीच रोमहून नवा नियम आला होता, की माफी दिवसाला एकच. आत-बाहेर करायचं बंद. म्हणजे त्या नोव्हेंबरात आईला एकच नाव घेता येणार होतं. तिचे स्वतःचे आईबाप होते, धाकटी बहीण नुकतीच गेली होती. आत्यासाठी ती जाणार नाही, याबद्दल मला शंका नव्हती. लग्न झालं होतं माझं तोवर, खास या सणासाठी माहेरी आले होते.

आई आत गेली, आली. मी हात धरून तिला पायऱ्या उतरवल्या.

"कोणासाठी गेलीस?"

"रजीनसाठी."

मी थांबलेच. "माफ केलंस तिला?"

"माफ कोण करतंय?" तिने टोपलीतून एक मेणबत्ती निवडली, वात सरळ केली आणि भिंतीमागच्या भेंडीकडे चालायला लागली. "वर पोचली की आधी बाळालाच शोधायला लागेल ती. झगा घेऊन सगळीकडे हिंडेल. हिंडू दे. सापडायचं नाही. मग कळेल तिला."